आज कुठे नेतोस?

रश्तच्या बाजारात, धुरावलेल्या माशांच्या गल्लीला
पाठ टेकून माझं दुकान. सात फूट बाय पाच.
काचेखाली तडकलेले स्क्रीन, वर कुरकुरता पंखा,
आणि राउटरचा हिरवा दिवा. त्याच्याकडे
लोक सारखे बघतात,
दूध उतू जाईल की काय, तसे.

तूबा खानम शनिवारी येते.
पिशवीतून आधी चष्मा, मग फोन,
रुमालात बांधलेला, दोन गाठी.
"लाव बाबा. काल अर्ध्या वाक्यात गेली."

वायफाय लागतं. त्याचं काही नाही.
पट्ट्या भरतात, फोन म्हणतो, जोडलं गेलं.
जोडलं गेलं, पण कुठवर?
गल्लीच्या तोंडापर्यंत.
पुढे चाळणी आहे.
ती फोडणाऱ्या औजाराला आम्ही म्हणतो फिल्टरशेकन.
महिन्याभरात त्याची धार जाते,
मग मी नवं विकतो.
तूबा खानमला विकत नाही, नुसतं देतो.
तिला वाटतं, ते फुकटच असतं.

यादी उघडतो. झेंडेच झेंडे.
"आज कुठे नेतोस?"
"जर्मनी बसलंय, खानम. तुर्कस्तान धापा टाकतंय.
फिनलंड बघू का?"
"फिनलंड?" तिने चष्मा सारखा केला.
"तिच्याच गावाला?"

वरच्या कोपऱ्यात एवढीशी किल्ली उमटली
आणि फोन गेला.
ना बॅग, ना मुलाखत, ना बोटांचे ठसे,
ना तेहरानच्या वकिलातीबाहेरची पहाटेची रांग,
जिथून ती दोनदा परत आली,
दुसऱ्यांदा तर कागद पिशवीतून न काढताच.

गेला आणि लगेच तिथलाच होऊन बसला.
हवामान सांगू लागला: उणे नऊ, वारा उत्तरेचा.
जाहिरात दाखवली, लोकरी अस्तराचे बूट, किंमत युरोत.
तूबा खानमने दोन बोटांनी बूट मोठा करून पाहिला.
"तळ पातळ आहे. पाय गारठतील तिचे."

सोदाबेने उचललं. ताम्पेरेत अजून काळोख,
तिच्या तोंडावर फक्त कॉम्प्युटरचा उजेड.
"आई, दोन मिनिटं हं.
विद्यापीठाचा दाखला काढतेय.
त्यांची साइट परदेशातून उघडत नाही,
म्हणून आत्ता इराण लावून बसलेय."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
म्हणजे या घटकेला मुलगी इथे
आणि आई तिथे.
वाटेत कुठेतरी, एखाद्या तारेत,
एकमेकींच्या अंगावरून गेल्या असणार,
तोंडावर पदर घेतलेल्या दोन बायका
बोळातून घाईने जातात तशा.

तूबा खानमला हे समजावून सांगितलं.
वाटलं, हसेल. नाहीतर डोळ्यांना रुमाल लावेल.
तिने जरा विचार केला.
"मग इथे आलीच आहे तर म्हणावं,
गॅसवर भात ठेवलाय मी. झाकण काढून बघ."

पलीकडे सोदाबे हसली, मग थांबली.
ती आधी थांबली की चित्र, ते कळलं नाही.
तोंड अर्धवट उघडं,
आणि मध्यभागी ते गोल गोल फिरणारं.
फिनलंड गेलं.

मी हॉलंड लावून पाहिलं. मग जपान, काहीतरी लावायचं म्हणून.
तूबा खानम म्हणाली, राहू दे, भात करपेल.

जाताना काउंटरवर बरणी ठेवून गेली.
मुरवलेला लसूण, खजुरासारखा काळा.
सोदाबे गेली त्या हिवाळ्यात घातलेला, सात वर्षं झाली.
मी म्हटलं, तिच्यासाठी ठेवा.
"ह्यापुढे ठेवला तर विरघळेल," म्हणाली
आणि गाठी मारू लागली. दोन.

बरणी राउटरशेजारी आहे. उघडलेली नाही.
गिऱ्हाईक पासवर्ड विचारतं,
मग हळूच, ही कितीला?
पासवर्ड मी सांगतो.